सयाजीच्या भावाने लिहून ठेवलेले

मी, केरबा जोतीराम टिपुगडे, वय वर्षे सत्तावन्न, धंदा लेथ मशीनचे काम, राहणार कसबा बावडा, कोल्हापूर, आज राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत माझे शेवटचे मृत्युपत्र लिहून ठेवतो ऐसाजे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. भावकीतल्या काही मंडळींना तो पटणार नाही. त्यांच्या बुद्धीचा दाखला मी कधी मागितलेला नाही, हेही येथे नमूद करतो.

माझे थोरले सख्खे भाऊ सयाजी ज्ञानू टिपुगडे हे गेल्या श्रावणात राधानगरीजवळच्या आमच्या गावी वारले. त्यांना अग्नी देण्यास मला मनाई झाली, कारण मी दत्तक गेलेला. मी काही न लिहिता मेलो, तर वकिलांच्या मते माझ्या मिळकतीवर चुलतभाऊ गणपतराव याचा हक्क सयाजीची मुलगी तानाबाई हिच्या आधी लागतो. माझ्या चितेपाशी मडके घेऊन उभा राहण्याचा मानही त्यालाच जाईल. हे दोन्ही होऊ नये एवढ्यासाठीच हा खटाटोप आहे. माझी पत्नी पूर्वीच वारली असून मूलबाळ नाही.

कलम १. प्रथम हकीकत. माझे जन्मदाते ज्ञानू. त्यांचे लांबचे चुलतभाऊ जोतीराम कोल्हापुरात गुळाच्या पेढीवर दिवाणजी होते. त्यांना संतान नव्हते. थोरला मुलगा दत्तक देत नाहीत, म्हणून सहा वर्षांचा मी दिला गेलो. नाव तेच राहिले, आडनाव तेच राहिले, मधला बाप तेवढा बदलला. नव्या आईने, म्हणजे झुंबरबाईने, हौसेने माझे बारसेही केले. सहा वर्षांच्या घोड्याला पाळण्यात निजवले. पाय गुडघ्यापासून बाहेर लोंबत होते. दोरी ओढायला सयाजीला बसवले होते. तो हसत होता आणि मी रडत होतो. जमलेल्या बायका म्हणाल्या, "बाळाला भूक लागली आसंल."

त्या दिवसापासून सख्खी आई माझी काकू झाली. तसे म्हणायचे असे मला शिकवण्यात आले आणि मी हुशार असल्याने लवकर शिकलो. सयाजी नव्या तांदळाचे पोते घेऊन यायचा तेव्हा झुंबरबाई त्याला पाव्हण्यासारखा पाटावर बसवायची. तो माझ्याकडे बघून डोळा मारायचा आणि म्हणायचा, "काय पावणं, बरं हाय न्हवं?" पुढे आयुष्यभर त्याने मला याच नावाने हाक मारली. मला त्याचा राग यायचा. आता ती हाक मारायला कोणी नाही, त्याचा जास्त येतो.

कलम २. बावड्याचे राहते घर मी स्वकष्टाने बांधलेले आहे. ते सर्व हक्कांसह तानाबाईस द्यावे. ती गावी म्हशी सांभाळते, डेअरीला दूध घालते आणि बापाचे शेवटचे आजारपण तिनेच काढले. तरीही अग्नी देण्याच्या दिवशी तिला बायकांत बसवून ठेवले. मुलगी परक्या घरची आणि भाऊही परक्या घरचा, असा न्याय झाला. मग सयाजीचा जवळचा कोण? तर गणपतराव. शेताच्या बांधावरून ज्याने सयाजीशी बोलणे टाकले होते, तो. त्यानेच मला समजावले, "केरबादादा, तुमाला सुतक बी न्हाय. नुसती आंगूळ करा आन् सुटा."

मी एवढा सहज सुटणारा असतो तर सहाव्या वर्षीच सुटलो असतो.

दहाव्याला मी मनात धरून होतो की गणपतरावच्या हातच्या पिंडाला कावळा शिवणार नाही आणि भावकी तोंडघशी पडेल. कावळा लगेच शिवला. सयाजीला कोणावर राग धरून बसणे कधी जमलेच नाही.

कलम ३. माळ्यावरचा सागवानी पाळणा गणपतराव यास द्यावा. कारण असे की, तेराव्याचे जेवण जिरायच्या आत तो बावड्याला आला आणि म्हणाला, "दादा, तुमाला कोण न्हाय. आमचा धाकटा घ्या की दत्तक." धाकटा चोवीस वर्षांचा आहे व त्याला भरघोस मिशा आहेत. वकील म्हणतात, तो कायद्यात बसत नाही. पाळण्यात बसतो का ते बापाने घरी बघावे.

कलम ४. शिरोलीच्या शेडमधील लेथ मशीन व हत्यारे माझे भागीदार मीरासाब मुल्ला यांस द्यावीत. सयाजी गेल्यावर मी दुसऱ्याच दिवशी कामावर गेलो होतो, कारण मला सुतक नव्हते. मीरासाबांनी शटर वर करू दिले नाही. "भाऊ गेलाय तुमचा. घरात बसा," एवढेच म्हणाले आणि दहा दिवस त्यांच्या घरून डबा आला. भावकीने नाकारलेले सुतक मला त्यांच्याकडून मिळाले. एरवी हा माणूस नटबोल्टसुद्धा हातचा सोडत नाही, हेही खरे आहे.

कलम ५. झुंबरबाईंचा तांब्याचा बंब व भिंतीवरचा फोटो तानाबाईने सांभाळावा. बाई वाईट नव्हती. तिने मला तूपरोटी खाऊ घातली, शाळेत घातले, माझ्या तापात ती रात्र रात्र बसली. फक्त मी आधी कोणाचा होतो हे तिला सहन होत नव्हते. माझा तिच्यावर जीव होता. तिच्यावरचा रागही मी सोडलेला नाही. दोन्ही जागेवर आहेत.

कलम ६. माझ्या प्रेताला अग्नी तानाबाईने द्यावा. बायका स्मशानात जात नाहीत, असे गणपतराव सांगेल. त्याला चहा पाजून ओट्यावर बसवावे. घर या अटीवर दिलेले नाही. तिने नाही म्हटले तरी घर तिचेच आहे.

मडके फोडल्यावर तोंडावर मूठ मारून बोंब ठोकायची असते. सयाजीच्या वेळी ती गणपतरावने ठोकली. सुटलेली एस.टी. थांबवायला लोक याहून मोठ्याने ओरडतात. मी मागे छत्री धरून उभा होतो. माझीही बोंब तोंडाशी आली होती, पण दत्तक गेलेल्याने किती मोठ्याने रडावे हे मला कोणी सांगितलेले नव्हते. मी बाजूला सरून लोकांना वाट करून दिली.

तरी तानाबाईस विनंती की, माझ्या चितेपाशी तिने जी बोंब मारायची ती माझ्यासाठी मारू नये. सयाजीसाठी मारावी, आणि गावाला ऐकू जाईल अशी मारावी. ती माझी आहे. मारायची राहून गेली आहे.

येणेप्रमाणे लिहिलेले मला वाचून दाखवण्यात आले. त्यात काहीही कमी करू नये.

सही: केरबा जोतीराम टिपुगडे

साक्षीदार:
१. डॉ. वसंत बाळगोंडा शिरगावे, कसबा बावडा (दाखला देणारे)
२. आक्काताई दत्तू खाडे, शेजारीण (सही करताना रडल्या, शाई फुटली आहे ती त्यामुळे, खाडाखोड समजू नये)

ठिकाण: कसबा बावडा, कोल्हापूर
दिनांक: ९ नोव्हेंबर १९८१