तिघांची जागा

सोम., ८ डिसें.
आज सकाळी आंघोळ झाल्यावर, पूजेच्या आधी, देवांना हात जोडले आणि त्यांच्या मागची भिंत मोजली. टेप लावायला देव्हारा थोडा सरकवावा लागला. सहा फूट दोन इंच. एवढ्यात नवा उंच ओटा, नळाचं सिंक, खिडकी आणि देव बसवायचे आहेत. सुनंदा लग्नापासून त्या बुटक्या ओट्यापुढं वाकून स्वयंपाक करते. उठताना कंबरेवर हात. मी दिवसभर धरणाकाठच्या बंगल्यांवर लोकांचे नळ, मोटारी, पाण्याच्या टाक्या बघतो, आणि आपल्या घराचं दरवर्षी पुढच्या वर्षी.

मामी दारातून बघत होत्या. सुनंदाची आई. मी लग्नापासून मामीच म्हणतो.
"काय मोडताय व्हय, पावनं?"
"मोडत नाही मामी, मोजतोय."

मामा गेल्यावर दोन वर्षं एकट्या राहिल्या. दिवाळीनंतर आमच्याकडं आल्या. एक पत्र्याची पेटी, एक कापडी पिशवी. जावयाला पावनं म्हणायची त्यांच्या मुळशीकडची रीत. माझ्याच स्वयंपाकघरात मी पाहुणा. आमची लेक प्राजू म्हणते, अण्णा म्हणजे पवनेकाठचे पावनं.

मंगळ., ९ डिसें.
सुट्टी. शनिवार-रविवार बंगलेवाल्यांचा, मंगळवार आमचा. प्राजूचं कॉलेज सकाळचं, म्हणून दुपारी निघालो. मामी स्वतःहून म्हणाल्या होत्या, "तुमचं धरान दावा की एकदा." सुनंदाला केवढा आनंद. आई कधी काही मागत नाही.

जीपनं गेलो. काठाला तंबू गुंडाळून ठेवलेले, माणूस नाही. मामींनी चपला काढल्या, घोट्याएवढ्या पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. एक हात कमरेच्या पिशवीवर. बराच वेळ. मग माघारी आल्या.
"पानी उभं हाय."
"धरणाचं पाणी ते. उभंच असणार."
"त्येच म्हनते. कुटं जात न्हाई ते."
भाकरी, ठेचा, कांदा. पोटभर जेवल्या. निघताना पुन्हा वळून पाण्याकडं बघितलं. आवडलं असावं.

शुक्र., १२ डिसें.
मिस्त्री येऊन गेला. भिंतीवर हात फिरवून म्हणाला, "खिडकी आन् देव, दोनी मोठं न्हाई व्हायचं. कुनाला ल्हान करायचं ते ठरवा." सुनंदाला मोठी खिडकी हवी. हक्क आहे तिचा.

प्राजूनं चौकटीच्या कागदावर घराचा नकाशा काढला. आतल्या खोलीत खिडकीखाली खाट, तिच्यावर लिहिलं 'आजी'. मामींनी काय लिहिलं ते विचारलं. मग, "पूस ते. पेनानं काय लिवती? मी काय जल्माची हाय व्हय हितं?"
प्राजूनं पुसलं नाही.

एक लक्षात आलं. मामी रोज देवाला हात जोडतात, पण उंबऱ्याबाहेरून. फूल वाहत नाहीत. म्हणतात, "तुमचं देव."

मंगळ., १६ डिसें.
लोणावळा. प्राजूला स्वेटर. मामींनीच विचारलं, तिकडं पाणी हाय का. म्हटलं, वलवणला आहे. गेलो तर पाण्यापर्यंत सोडेनात. कुंपणाच्या जाळीतून बघितलं.
"ह्ये तर कोंडलेलं पानी," मामी म्हणाल्या. तोंड एवढंसं झालं.

मग चिक्की घेतली. दात नाहीत, एक तुकडा गालात धरून स्टेशनपर्यंत चघळत आल्या. दुकानदार म्हणाला, आजी, मऊ देऊ का दुसरी? तर म्हणाल्या, "मऊ कशाला? मला काय घाई हाय?"

मंगळ., २३ डिसें.
बेडसे. एवढ्या पायऱ्या, मामी खालीच बसतील असं वाटलं होतं. पण प्राजू बोलून गेली की वर लेण्यात पाण्याची टाकी आहेत, दगडात खोदलेली. मामी उठल्याच. थांबत थांबत वर आल्या. माझा श्वास लागला, त्यांचा नाही.

वर पाण्यात वाकून बघितलं. "ह्यो तर रांजन!" मग आधी हसल्या, आणि एकदम डोळ्यांत पाणी. पदर वर करताना कमरेची पिशवी सुटली, दगडावर पडली, खणकन वाजली. मला वाटत होतं पानसुपारी असेल.

प्राजूनं उचलली. आत पिवळ्या फडक्यात चांदीचे तीन टाक, देवांच्या ठशांचे छोटे पत्रे. खंडोबा. जोगूबाई देवी. तिसरा एक घोडेस्वार, हातात भाला, म्हणजे वीर.
"आजी, देव पिशवीत का ठेवलेत?"
मामींनी हात पुढं केला. प्राजूनं पिशवी दिली.

तिन्ही मंगळवार त्या पाणी कशाला शोधत होत्या ते आत्ता कळतंय. आणि मी घरी येऊन लिहीत होतो, आवडलं असावं.

बुध., २४ डिसें.
सुनंदाला विचारलं. तिला माहीत होतं. मुलगा नाही, म्हणून टाक भावकीत द्यायला मामी पुतण्याकडं गेल्या होत्या. तो म्हणाला, काकू, आमच्याकडं आमचे आहेत, दोन-दोन कशाला, वाहत्या पाण्याला द्या. मामी तेच करायला आल्या आहेत. देव सोडायचे, मग निवांत लेकीकडं राहायचं. सोडवत मात्र नाहीत. पाणी पसंत पडत नाही.

"मला का नाही सांगितलंस?"
सुनंदा म्हणाली, "तुमच्या घरात माझ्या माहेरचे देव कुठल्या तोंडानं आणू?"
तुमच्या घरात. इतक्या वर्षांनी.

प्राजू: "अण्णा दिवसभर टाक्या बघतात, आणि घरातले टाक दिसले नाहीत." हसायला पाहिजे होतं.

रवि., २८ डिसें.
कामावर जाण्याआधी चुलत्यांकडं गेलो. कुळाचाराचं आबांनाच विचारायचं. अंगणात ऊन खात बसले होते.
"दुसऱ्या कुळीचा देव आपल्यात बसत न्हाई. खंडोबाचं एक ठीक, त्यो समद्यांचा. पन वीर? वीर रगताचा असतुय, बाबा. त्यांच्या घरातला मेलेला मानूस त्यो."
"मग पाण्यात सोडायचा?"
आबांनी तंबाखू मळली. "मी न्हाई म्हनतो म्हंजी काय मला बरं वाटतंय व्हय?"
तिथून कामावर. सगळे बंगले भरलेले, दिवसभर मोटार चालू-बंद. मन कुठंच लागलं नाही.

सोम., ५ जाने.
काम सुरू. ओटा फोडला. धूळ इतकी की पाण्याच्या हंड्यावर थर. गॅस बाहेरच्या खोलीत. देवांचं काय करायचं हे मी ठरवलंच नव्हतं. देव पाटीत घेऊन घरभर फिरलो, स्वच्छ जागा एकही नाही.

मामींनी आपली पेटी पुसली, वर धुतलेलं लुगडं अंथरलं. "हितं ठेवा. मी हाय राखायला."
ठेवले. आमचे पाच टाक, बाळकृष्ण, शंख, घंटा. पूजा आता पेटीपुढं. मामी शेजारीच असतात, फुलं निवडून देतात. वाहायला म्हटलं तर, "न्हाई, न्हाई, तुमीच व्हा."

शुक्र., ९ जाने.
प्राजूला परवापासून ताप. थंडी आणि ही धूळ. मामी तिच्या पायाशी बसून. मध्येच देवांकडं बघत होत्या, मध्येच आपल्या पिशवीकडं. पिशवी उचलून बाहेर पडवीत खुंटीला टांगून आल्या. का, ते विचारलं नाही.

मंगळ., १३ जाने.
भोगी. प्राजू बरी, कालपासून भूक लागतेय. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, बाहेरच्या खोलीत वाफ कोंडलेली. सगळ्यांची जेवणं झाल्यावर मामी म्हणाल्या, "पावनं, एक मागू?"
"मागा की."
"माघी पुनवंला मला वाहत्या पान्याला न्या. आता उभं न्हाई, कोंडलेलं न्हाई. वाहतं. सोडून टाकते एकदाचं."
सुनंदा भांडी घेऊन आत गेली.
मी म्हणालो, "नेतो."
शब्द गेला. मागाहून जीव जळतोय.

शुक्र., १६ जाने.
पूजा करताना एक गोष्ट मनात आली, ती दिवसभर गेली नाही. आमचे देव दहा-बारा दिवस मामींच्या पेटीवर आहेत. मामींनी आमचं कूळ विचारलं नाही. लुगडं अंथरलं.

सुनंदाला म्हणालो, खिडकी थोडी लहान चालेल का?
"किती?"
"एका कोनाड्याएवढी."
भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. मग म्हणाली, "चालेल. धूर थोडाच आहे आता."
मिस्त्रीला सांगितलं, देव्हाऱ्याच्या शेजारी भिंतीतच दुसरा कोनाडा. वेगळा. मध्ये चार बोटांची भिंत.
"पावने यायचेत जनू," मिस्त्री.
"आलेत आधीच," मी.

गुरु., २२ जाने.
गणेश जयंती. ओटा झाला. सुनंदा आज ताठ उभी राहून चहा करत होती, दोनदा उगीच नळ सोडून बघितला. देव सतरा दिवसांनी नव्या जागी. पेटी मोकळी झाली तर मामींना करमेना. "लय रिकामं दिसतंय," म्हणाल्या.
शेजारचा कोनाडा बघून मात्र काही विचारलं नाही. विचारलं नाही म्हणजे कळलं आहे.

मंगळ., २७ जाने.
कुठं गेलो नाही. मामींना सरळ सांगितलं. कोनाडा तुमचा आहे. तिघं बसतील एवढा केलाय.

रागावल्या. मी त्यांना कधी रागावलेलं बघितलं नव्हतं.
"वीर न्हाई चालायचा. उद्या तुमच्या घरात कायबी हू द्या. गाडीवरनं पडला, पोरगी आजारी पडली, लोक काय म्हनतील? म्हातारीनं आपला वीर आनून बसवला. आन् लोक ऱ्हाऊ द्या. माझ्या लेकीच्या मनात आलं तर? मी कुटं जाऊ मग?"
सुनंदा म्हणाली, "आई, माझ्या मनात?"
"आज न्हाई यायचं."

पडवीतली खुंटी आठवली. ताप आला तेव्हाच त्यांनी पिशवी घराबाहेर टांगली होती.

गुरु., २९ जाने.
एकादशी. उपवास. कामावर पंप उघडून बसलो होतो, हात चालत होते. शब्द दिलाय, नेणार. न नेता अडवणं म्हणजे त्यांचंही पाणी उभं करणं. पण नदीवर एकदा बोलणार. तिथं त्या नाही म्हणाल्या तर नाही. पांडुरंगा, बोलणं नीट जमू दे.

रवि., १ फेब्रु.
माघी पौर्णिमा. रविवार असून रजा घेतली, मुकादम कुरकुरला.

उन्हं वर यायच्या आत धरणाच्या खाली नदीवर गेलो, चौघंही. पाणी वाहतं होतं, आवाज होता. मामींनी खाली वाकून गवताची काडी टाकून बघितली. गेली. त्यांनी मान हलवली. पाणी पसंत पडलं.

कडेच्या दगडावर बसून टाक काढले. चिंच लावून घासले, धुतले. एकेक ओंजळीत धरून. आम्ही मागं उभे. सुनंदा दुसरीकडंच बघत होती.

"मामी," मी म्हणालो, "आमचे देव सतरा दिवस तुमच्या पेटीवर होते. त्यातच प्राजूला ताप आला. त्याचा आळ कुणी तुमच्यावर घातला?"
"ते तुमचं देव हुतं."
"पेटी कुणाची होती?"
मामींनी मान वळवून माझ्याकडं बघितलं.
"पावनं, तुमी लय बोलाय लागलाय."
प्राजू फिस्सकन हसली. मग सुनंदा. हसता हसता रडायलाच लागली. आईच्या शेजारी ओल्या दगडावर जाऊन बसली. म्हणाली, "आज नाही आलं माझ्या मनात, उद्याही नाही यायचं. येईल त्या दिवशी मला घराबाहेर काढ."
"तुज्या घरातनं मी कशी काढू तुला?"
"मग माझंच घर आहे ना ते? मीच सांगतेय."

मामींनी खंडोबा आणि जोगूबाई माझ्या ओंजळीत दिले. गार, ओले. वीर मुठीतच. "ह्याला आदी इचारून बघते. मानूस हाय त्यो. त्याच्या मनाबिगार कसं बसवू?" फडक्यात बांधून कमरेला खोचला.
नदीत सोडला नाही, एवढं खरं. पुढं काय ते त्या दोघांत.

घरी येऊन कोनाड्यात तीन जागी तांदूळ मांडले. हळद, भंडारा, दिवा. नैवेद्याला भरीत-भाकरी. सुनंदानं तीन पानं वाढली, मी सांगितलं नव्हतं.
मामींनी बघितलं. आज उंबऱ्याच्या आत आल्या होत्या.
"एक पान जास्ती झालं, पावनं."
"असू द्या."
तिसरं पान उचलून त्या आतल्या खोलीत गेल्या. दार लोटलं नव्हतं. पिशवी पेटीवर ठेवली, पुढं पान ठेवलं, पाणी फिरवलं. हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या. मी तिथून बाजूला झालो.

दुपारी प्राजूनं विचारलं, "आजी, मंगळवारी कुठं? पाण्यावर?"
"पानी लय झालं. त्या चिक्कीवाल्याकडं चला."

आबांना अजून सांगितलेलं नाही. उद्या जाऊन सांगेन.

खंडोबा आणि जोगूबाई आज माझ्या हातानं बसवले. शेजारी तांदळाची तिसरी रास तशीच ठेवली आहे.