साठ ग्रॅम आणि अकरा विमाने

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, धंदा वजनकाटे दुरुस्तीचा, बाजारात 'काटेकोर' या टोपणनावाने परिचित, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मात्र गेल्या महिन्यात मला एकामागोमाग दोन धक्के बसले असून त्यांतून मी अजून सावरलेलो नाही, हेही येथे नमूद करतो. डॉक्टरांच्या यंत्रात ते दिसत नाही.

कलम १. राहते घर, दोन खोल्या व गच्चीवरची पत्र्याची शेड, माझ्या एकुलत्या एक मुलास मिळावे. आतल्या भिंतीला ओल येते ती वरच्या टाकीमुळे. गवंडी काहीही सांगो, भिंत फोडू नये.

कलम २. विमान कंपनीकडे प्रवासागणिक जमलेले माझे पॉइंट. हे कोणाला देता येत नाहीत. सभासद मेला की पॉइंट रद्द, असा त्यांचा नियम आहे. वाचून मी थक्क झालो. माझ्या जुन्या चपलासुद्धा माझ्यामागे कोणीतरी पायात घालील, पण पॉइंट माझ्याबरोबरच जाणार! म्हणून ते मी जिवंतपणीच खर्चून टाकले आहेत. ते आले कुठून, हे मात्र सांगणे भाग आहे, कारण पुढची सगळी कलमे त्यातूनच निघाली.

मुलगा दूरच्या शहरात नोकरीला आहे. सात वर्षांत मी त्याच्याकडे चार वेळा गेलो, तेही सगळ्यांत स्वस्त तिकिटावर, जिथे घोटभर पाणीही विकत घ्यावे लागते. सात किलोपर्यंतची बॅग फुकट. मी घरच्या स्प्रिंगकाट्याला अडकवून ती बरोबर सात किलो भरत असे आणि कंपनीचा काटा दर वेळी सात किलो शंभर ग्रॅम दाखवत असे. दर वेळी मी भांडलो. "अहो काका, स्वेटर काढून अंगात घाला ना, सुटला प्रश्न," खिडकीवरची मुलगी म्हणे. मी घाली, पण काटा तुमचाच चुकतो हे सुनावल्याशिवाय पुढे जात नसे.

शेवटच्या खेपेस मी तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली, "काका, आता भांडायचं कारणच नाही. तुम्ही सिल्व्हर सभासद झालात. पाच किलो जास्तीचे फुकट. आणि आत लाउंजमध्ये जाऊन आरामात बसा." आत गुबगुबीत खुर्च्या, गरम सूप, चार प्रकारची बिस्किटे, आणि कोणी पैसे मागेना. मी दोन बिस्किटे खिशात टाकली आणि कोणीतरी येऊन दंड धरील, या भीतीने विमान सुटेपर्यंत ताठ बसून राहिलो.

परत आल्यावर जिवाला चैन पडेना. चार फेऱ्यांत कोणी सिल्व्हर होत नाही, माहितीपत्रकात तसे स्पष्ट लिहिले होते. जे आपले नाही ते आपल्या पारड्यात नको. बस पकडून विमानतळ गाठला आणि खिडकीवर म्हटले, "माझे पॉइंट जास्त भरतायत. कमी करा."

"कमी?" मुलीने हातातले पेन खाली ठेवले. "काका, इथं लोक वाढवून घ्यायला भांडतात."

तिने संगणकात पाहिले. मुलाने मला कुटुंबखात्यात घातले होते. त्यात घरातल्या सगळ्यांचे पॉइंट एकत्र जमतात आणि कोण कधी कुठे उतरले याची यादीही असते. ती तिने वाचून दाखवली. दोन वर्षांत माझा मुलगा आमच्या शहरात अकरा वेळा उतरला होता. घरी आला होता एकदा.

"आज सकाळीही आलेत की," ती म्हणाली.

बॅगा ठेवायच्या काट्यावरच मी मटकन बसलो. समोर एकसष्ट किलो चारशे ग्रॅम असा आकडा उमटला, तो वाचल्याचे आठवते. तिथूनच फोन लावला.

"कुठं आहेस?"

"ऑफिसात, बाबा. मीटिंग चालू आहे."

"सकाळच्या विमानानं उतरलास. कुणाकडे आहेस?"

पलीकडून वेगळाच आवाज आला. "दादा, पोराला रागावू नकोस. माझा हात थरथरतो, डॉक्टरकडे न्यायला येतो तो. मी बोलावलं नव्हतं."

तो माझा धाकटा भाऊ होता. एकोणीस वर्षांत मी त्याचा आवाज ऐकला नव्हता.

आम्ही दोघे एकाच धंद्यातले, वडिलांच्या हाताखाली शिकलेले. एकोणीस वर्षांपूर्वी त्याने दुरुस्त करून सही केलेला एका किराणा दुकानाचा काटा मी तपासला. माझ्या पाच किलोच्या वजनाला तो पाच किलो साठ ग्रॅम दाखवत होता. म्हणजे गिऱ्हाइकाच्या पिशवीत तेवढा माल कमी. मी थेट वजनमापे निरीक्षकाकडे गेलो. त्यांनी माझ्याच वजनाने काटा तपासला, कारण माझ्या वजनावर संशय घेण्याची बाजारात कोणाची छाती नव्हती. भावाचा परवाना गेला. त्याची सही कुठल्याही काट्यावर चालेनाशी झाली. "दादा, मी काही केलेलं नाही," एवढेच तो म्हणाला. मी घरात सर्वांसमोर बजावले, की जो त्याचा उंबरा ओलांडील त्याने माझा ओलांडू नये. मुलगा तेव्हा शाळेत होता.

फोन झाला त्याच दिवशी संध्याकाळी मुलगा माझ्यासमोर उभा राहिला. "काकाकडे जाऊन आलो की तुमच्या दारात पाऊल टाकायला जीव धजायचा नाही, बाबा. तुम्हीच म्हणाला होतात."

कलम ३. हत्यारे व वजने मुलास द्यावीत. तपासल्याशिवाय वस्तू दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही, ही माझी सवय. म्हणून हे कलम लिहिण्याआधी सगळी वजने वजनमाप कार्यालयात नेली. बाकीची दर वर्षी नेत असे. पाच किलोचे मात्र कधीच नेले नव्हते. वडिलांचे वजन, ते कसले तपासायचे! ते साठ ग्रॅम जास्त भरले. त्याच्या बुडातले शिसे निखळले होते म्हणून, भावाच्या प्रकरणाच्या थोडे आधी, मी स्वतःच्या हाताने नवे ओतले होते. मी तीनदा वजन करायला लावले. "आजोबा, चौथ्यांदा केलं तरी तेवढंच भरणार," कारकून म्हणाला.

भावाचा काटा बरोबर होता. विमान कंपनीचाही बरोबर होता, कारण माझा स्प्रिंगकाटा त्याच वजनावर जुळवलेला. त्या मुलीची मी जाऊन माफी मागितली, ती हसली. पण पाठच्या भावाच्या तोंडचा घास मी काढून घेतला, आणि तोही प्रामाणिकपणाचा तोरा मिरवत. मला माझीच भीती वाटू लागली आहे. कार्यालयात लेखी कबुली दिली. जुनी फाइल केव्हाच रद्दीत गेली, परवाना आता मिळायचा नाही, असे उत्तर आले. ते वजन कोणालाही देऊ नये, भट्टीत घालावे.

कलम ४. पॉइंटांची दोन तिकिटे काढली आहेत, भावाचे व माझे, पुढच्या महिन्यात मुलाकडे जाण्यासाठी. भाऊ कधी विमानात बसलेला नाही. खिडकीची जागा त्याची.

कलम ५. यापूर्वी मी लेखी मृत्युपत्र केलेले नाही. उंबऱ्याबद्दल जे तोंडी बोललो, ते मात्र रद्द करतो. माझ्या मरणाची वाट न पाहता, आजपासून.

कलम ६. दुकान धाकट्या भावास द्यावे.

हे कलम मी त्याला वाचून दाखवले. तो म्हणाला, "दुकान घेऊन काय करू? हात बघ माझा."

"मग काय देऊ? तूच सांग."

त्याने कागद उलटून शेवटचे पान पाहिले. मग म्हणाला, "साक्षीदार कोण आहे तुझा?"

शेजारी बसलेल्या माझ्या वकिलांनी मध्येच समजावले, की ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीची सही करू नये. केली तर वाटा जातो.

"जाऊ दे वाटा," भाऊ म्हणाला. "एकोणीस वर्षांत माझी सही कुणी मागितली नाही, दादा. तू माग."

मी मागितली. सबब कलम ६ रद्द समजावे व दुकानही मुलास मिळावे.

ठिकाण: दुकानाची मागची खोली.
तारीख: चालू महिन्याची नऊ, सकाळी अकरा वाजता.

सही: मृत्युपत्र करणार.

साक्षीदार पहिली: विमानतळावरच्या खिडकीवरची मुलगी. सुट्टीच्या दिवशी मुद्दाम आली.

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ. धंदा, वजनकाटे दुरुस्ती. सही थरथरलेली आहे, पण ती त्याचीच आहे आणि ती खरी आहे, असे मी लिहून देतो.