चटई म्हणजे चटईच

आमाक,

मी गाडी घेऊन वरच्या तळ्याकडे चालले आहे. तीन दिवस तंबूत राहीन. रेन्दांगचं पातेलं झाकून ठेवलंय, तुझी बीपीची गोळी जेवल्यावरच घे.

रविवारी जेवताना मी तुझ्या थोरल्या जावयाला म्हटलं, "उदा, तुमची ती जुनी चटई आता बदलाच, मी हलकी बघून देते." कॅम्पिंगच्या सामानाच्या दुकानात काम करते मी, आमाक. त्यांची फोमची गुंडाळी मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर येते, घाटात ट्रकला घासते. मी तिच्याबद्दल बोलत होते. आणि मामांनी हातातला घास ठेवून अल्हम्दुलिल्लाह म्हटलं. मी भांडी घासून येईपर्यंत तुम्ही तारीख काढून मोकळे.

बायको गेली की मेव्हणीशी लग्न लावायचं, त्याला आपल्यात चटई बदलणं म्हणतात, हे मलाही कळतं. पण तुझी थोरली लेक जाऊन अजून शंभर दिवस झाले नाहीत, आणि तिच्या जागी मला अंथरायला निघालात? उदांना तर पक्कं ठाऊक होतं मी कशाबद्दल बोलतेय. आदल्याच दिवशी दुकानात येऊन चार चटया उचलून बघितल्या होत्या त्यांनी. तरी ताटात बघत बसले.

मामांना सांग, चटई बदलली. अर्ध्या किलोची आहे, फुंकून फुगवायची. माझ्या गाडीला बांधली आहे, आणि तिच्यावर एकच माणूस मावतं.

देस्मा