पॉइंट पंचवीस

मंगळवार संध्याकाळ, थळ

"अर्ध्याचं अर्धं म्हणजे पाव," लहानपणी भाकरी मोडून आईनेच शिकवलं होतं. आणि आज दिवेआगरहून तिचा फोन. "डॉक्टरांनी बाबांची हृदयाची गोळी वाढवली गो. पॉइंट पाचची होती, आता पॉइंट पंचवीस. मी आपली आज जुनीच दिली, कमी पावरची."

म्हटलं, "आई, कमी केलीय. निम्मी."

"पंचवीस पाचापेक्षा कमी? मोठी मास्तरीण झालीस!"

डॉक्टरांना विचारलं. एकच गेलीय, नाडी बघत राहा, म्हणाले. तरी ते पॉइंट पंचवीस डोक्यातून जात नाही. डॉक्टर नुसतं 'पाव' म्हणाले असते, तर आई चुकली असती का?

आई, नारळाची वाडी सोडून तू येणार नाहीस, ठाऊक आहे. तरी बाबांना घेऊन माझ्याकडे राहायला ये ना.