शनिवार चालेल

कीघली, यॉर्कशर
१४ ऑक्टोबर १९७१

प्रिय हेटी,

अक्षर ओळखीचं नाही म्हणून पाकीट उलटसुलट करून बघत असशील. मी थेल्मा. तुमच्या शेजारच्या एकरॉइडांची थोरली. लहानपणी तुझ्या वेण्या ओढायची, तीच.

तू बरी आहेस ना? गुडघे काय म्हणतात? इकडे थंडी चांगलीच पडली आहे, खिडकीतल्या कुंड्या मी कालच आत घेतल्या. मी ठीक आहे. कान जरा कमी ऐकतात, पण ऐकण्यासारखं तरी काय उरलंय म्हणा.

एवढ्या वर्षांनी आजच कसं पत्र, असं तुला वाटेल. विशेष काही नाही. मागच्या महिन्यात मी नि मेव्हिस माझ्या छोट्या मॉरिस गाडीतून आठवडाभर इंग्लंड बघून आलो. म्हटलं, त्याची हकीकत कळवावी.

कल्पना सगळी तुझ्या बहिणीची. जी बाई स्किप्टनच्या बाजारापलीकडे कधी गेली नाही, ती एका सकाळी माझ्या दारात येऊन म्हणते, "थेल, आपला देश आपण बघितलाच नाही गं." मी म्हटलं, "देश कुठे पळून चाललाय?" खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं. घरचा बिछाना सोडून परक्या उशीवर मला झोप येत नाही. पण तिनं कधी काही मागितलेलं मला आठवेना. मग नाही कसं म्हणायचं?

स्ट्रॅटफर्डला ही गर्दी! मेव्हिसनं रस्त्यातूनच त्या थोर नाटककाराच्या घराकडे बघितलं आणि म्हणाली, "झालं बघून, चल." बाथला त्या जुन्या कुंडातलं पाणी प्यायला देतात, औषधी म्हणे. गंजलेल्या किटलीतलं लागतं. मी एक घोट घेऊन पेला खाली ठेवला. हिनं शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. का, तर "देणारी मुलगी बघतेय, तिला वाईट वाटेल." वर त्या मुलीला सांगते, फार छान आहे. मुलगी बिचारी दुसरा पेला भरून घेऊन आली! तोही प्याली. मी हसून हसून बेजार.

स्टोनहेंजला पाऊस आडवा. गाडीतूनच दगड बघितले आणि सँडविच खाल्ली. म्हणजे मी खाल्ली. तिनं कोपरा कुरतडून बाकीचं रुमालात गुंडाळलं. "बरं वाटत नाही का?" म्हटलं, तर "छे, उत्तम आहे मी." आणि मांडीवर नकाशा पसरून, "अजून थोडं दक्षिणेला गेलो तर?"

"अगं, दक्षिणेला आता समुद्रच आहे!"

"मग समुद्र बघू."

आता जे लिहायला बसले ते लिहिते. मधे दोनदा उठून चहा करून झाला, तिसऱ्यांदा उठणार नाही.

हेटी, आम्ही सिडमथला आलो होतो. तुझ्या रस्त्यावर. तुझ्या घरासमोर, पलीकडच्या बाजूला गाडी लावून बसलो होतो. ती हिरवी मॉरिस माझी.

गाव येईपर्यंत मला काही पत्ताच नव्हता. एका वळणावर ती म्हणाली, "इथे डावीकडे घे," आणि मला कळलं की सगळा देश बघायचा तो या एका गल्लीसाठी. म्हटलं, "वा! चल, उतर." तर म्हणते, "आता? अगं जेवायची वेळ आहे. एकटीपुरता मटणाचा एक चॉप आणला असेल तिनं. दोघी जाऊन उभ्या राहिलो तर बिचारीची केवढी पंचाईत."

बरं, थांबलो. तीन वाजले. मी म्हटलं, "आता झालं असेल जेवण." तर, "आता ती आडवी झाली असेल. उठवायचं का?" चार वाजले. "आता गेलो तर चहाच्या वेळी टपकलो असं नाही का वाटणार?"

"मेव्हिस, सख्खी बहीण आहे ती तुझी!"

"कळवलं नाही ना आपण. न कळवता कसं जायचं?"

मधे तू बाहेर आलीस, पायरी झाडलीस, आत गेलीस. मेव्हिस इतकी खाली वाकली की टोपी पडली. मग म्हणाली, "बरी दिसतेय ना? केस छान ठेवलेत." आणि मला गाडी हलवायला लावली. समुद्रावर जाऊन आम्ही थर्मासमधला चहा प्यायलो. मी फटकळ बाई, खाटकाशी भांडते, पाद्र्याशी भांडते. त्या दिवशी मात्र तिचा हात धरून तुझ्या दारात नेली नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते खोटं नाही.

परत आल्यावर चौथ्या दिवशी ती माझ्या स्वयंपाकघरात कोसळली. पोटात गाठ आहे. हिला ऑगस्टपासून माहीत होतं. डॉक्टरांनी सप्टेंबरात लगेच दाखल व्हा म्हणून सांगितलं होतं आणि हिनं पुढे ढकललं. मी संतापून विचारलं, का? तर म्हणते, "तू एवढी तयारी केलीस, गाडी दुरुस्त करून घेतलीस. तुझा हिरमोड झाला असता." माझा! जिला जायचंच नव्हतं तिचा! मी इस्पितळातच ओरडले तिच्यावर, नर्सनं मला बाहेर काढलं. आता डॉक्टर म्हणतात कापण्यात अर्थ नाही.

तुमच्यात काय झालं मी विचारणार नाही. तिच्या मते, आईच्या अंत्यविधीनंतर तू न सांगता निघून गेलीस. राहा म्हणायला तिनं तोंड उघडलं, तोवर तू कोट घातला होतास. एवढंच. एवढ्यावर नऊ वर्षं नाताळाला नुसतं नाव लिहिलेलं कार्ड.

ती तुला बोलाव म्हणत नाही. "हेटीला त्रास नको," म्हणते. म्हणून मीच लिहिते आहे. ये. वेळ फार नाही.

तुझी,
थेल्मा

*

सिडमथ
१९ ऑक्टोबर

प्रिय थेल्मा,

तुझं पत्र मिळालं. आभार कसे मानू? दोन दिवस कागद समोर घेऊन बसले, लिहिता आलं नाही.

मी बघितलं होतं तुम्हाला. हिरवी गाडी आली तेव्हाच. टोपीवरून ओळखलं मेव्हिसला, मान अशी तिरकी करून दुसरं कोण बसतं? तीन कप काढले. आदल्या दिवशीचा केक होता, तो पाहुण्यांसमोर ठेवण्यासारखा नव्हता, म्हणून नवा ॲपल पाय भाजायला टाकला. म्हटलं, तो होईतो येतीलच.

पायरी झाडायला मी मुद्दाम आले होते. स्वच्छच होती पायरी. वाटलं, मला बघून हाक मारेल. पण ती खाली वाकली. तेव्हा मला वाटलं, हिला यायचं नाही, नुसतं घर बघायला आली आहे. मग मी कशी काचेवर टकटक करू? तिला अवघडल्यासारखं झालं असतं. गाडी गेली तेव्हा मी पडद्याआड उभी होते. तो ॲपल पाय मी आठवडाभर एकटी खात होते, थेल्मा.

आणि आईच्या अंत्यविधीच्या दिवशी मी कोट घातला, कारण तिनं राहा म्हटलं नाही. वाटलं, माझी अडचण होतेय.

मी नक्की येते. या शनिवारी चर्चचा सुगीचा चहा आहे, सगळ्यांचं खाणं माझ्याकडे आहे, ऐनवेळी त्यांना अडचणीत टाकणं बरं दिसणार नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी, तीस तारखेला, येऊ का? मेव्हिसला चालेल का ते विचारून कळव. माझ्यासाठी बिछाना वगैरे घालायच्या फंदात पडू नकोस, मी कुठेतरी खोली बघेन.

तिला माझा लोभ सांग.

तुझी,
हेटी

*

कीघली
२७ ऑक्टोबर

प्रिय हेटी,

काल तार केली, ती मिळाली असेल. तारेत मावलं नाही ते सगळं लिहिते.

तुझं पत्र गुरुवारी आलं. मी ते तसंच इस्पितळात नेलं आणि तिला वाचून दाखवलं. तीन कपांपाशी आले तशी ती हसायला लागली. "अगं बाई गं! आणि आपण तिथे थर्मासमधलं ते कोमट पाणी ढोसत बसलो!" हसता हसता खोकला लागला, नर्स धावत आली. मग डोळे मिटून उशीला टेकली. रडत नव्हती. म्हणाली, "वेडी. पायरी कशाला झाडायची, हाक मारायची ना." मी म्हटलं, "तू मारलीस?"

मी म्हटलं, तीस तारीख कशाला, आत्ता तार करते, उद्या गाडीत बसेल. तर माझा हात धरला. बोटांत जीव नव्हता, पण धरला. "नको गं थेल. तारवाला दारात आला की छातीत धस्स होतं माणसाच्या. आणि चर्चच्या लोकांनी काय करायचं ऐनवेळी? तिला लिही, शनिवार चालेल."

मी पोस्टापर्यंत गेले, हेटी. आत गेले. समोरची पोरगी म्हणाली, "बोला आजी, काय हवंय?" आणि मी म्हटलं, एक तिकीट. तिनं नको म्हटलं होतं ना. मरणाऱ्या माणसाचा शब्द मोडायचा नाही, असं मी मनाला समजावलं. खरं म्हणजे भीड पडली, दुसरं काही नाही. तुला पत्र टाकलं, शनिवार चालेल म्हणून. ते सोमवारी तुला मिळालं असेल. सोमवारी सकाळी ती गेली.

तुला वाईट वाटू नये म्हणून मी काही गोड लिहिणार नाही. ती शांतपणे गेली नाही. रविवारभर तिला फार दुखत होतं. पण नर्स विचारायची तेव्हा म्हणायची, "बरं आहे, तुम्ही दुसऱ्या बायकांकडे बघा." आणि येईल जाईल त्याला सांगायची, "माझी बहीण यायचीय शनिवारी. पार दक्षिणेहून, डेव्हनहून." खाटा पुसायला येणाऱ्या बाईलाही सांगितलं. त्या बाईनं सोमवारी मला विचारलं, "आल्या का हो त्या?"

शेवटी माझं नाव घेतलं नाही, तुझंही नाही. नर्सला म्हणाली, "माफ करा हं, त्रास दिला." एवढंच. मला राग आलाय, कोणावर ते कळत नाही. तिच्यावर येतो, तुझ्यावर येतो, तुमच्या आईवर येतो, जिनं तुम्हाला हे वळण लावलं. मग आरशात बघते. बैल गेला नि झोपा केला, अशी आपली गत.

पाद्री आले होते. शुक्रवारी दुपारी सगळं मोकळं आहे म्हणाले. मी म्हटलं, शनिवारी करायचंय. ते म्हणाले, शनिवारी लग्नं असतात, खड्डा खणणारी माणसं कुरकुरतात, शुक्रवारच बरा. मी म्हटलं, "नाही. तिची बहीण शनिवारी येणार आहे. मेव्हिसनं स्वतः सांगितलंय, शनिवार चालेल." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि वहीत शनिवार लिहून घेतला.

तर शनिवारी दोन वाजता. स्टेशनवर मी येते. बिछाना मी घातलाय, मेव्हिसच्या घरी, तिच्याच खोलीत, आणि यावर मला एक शब्द ऐकायचा नाही. काळा कोट नसला तर असेल तो घालून ये. चालेल का म्हणून आता विचारू नकोस. चालेल म्हणणारी राहिली नाही.

तुझीच, आता दुसऱ्या कोणाची म्हणू,
थेल्मा