सिगारेटपुरती सुट्टी

प्रिय दादा,

आईचा फोन आला होता. तुझा खोकला थांबला म्हणाली. पण कामाचं नाव काढलं की तू भिंतीकडे तोंड करून झोपतोस, हेही म्हणाली. तुझी भीती मला कळते रे. पुन्हा सिगारेट ओढलीस तर फुप्फुसं साथ देणार नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलंय. आणि आपल्या बाटल्यांच्या कारखान्यात न ओढणाऱ्याने भट्टीसमोरून हलायचंच नाही! वहिनी उगाच तुला बोल लावते. तू काही हौसेने ओढायला लागला नाहीस. मुकादमाचा नियमच तसा होता, हातात पेटती सिगारेट असेल त्यालाच बाहेर सोडायचं, ती संपली की आत. सुरुवातीला तू ती नुसती पेटवून बोटांत धरायचास, मी डोळ्यांनी पाहिलंय. मग पैसे फुकट जातात म्हणून ओढायला लागलास. चिक्कू कुठला!

आम्हा पॅकिंगच्या बायकांना तर तेवढीही सुट्टी नव्हती. गेल्या आठवड्यात माझं डोकं फिरलं. भट्टीवरच्यांकडून सिगारेटी मागून आणल्या, आणि आम्ही सगळ्या जणी त्या पेटवून बाहेर जाऊन उभ्या राहिलो. डोळ्यांत पाणी, घशात ठसका, पण एकीनेही हात खाली केला नाही. मुकादमाची बोबडीच वळली. आत सरकत्या पट्ट्यावर बाटल्यांचा ढीग साचला, एक क्रेट कोसळलं, तेव्हा मालक स्वतः धावत आले. मी म्हटलं, साहेब, नियम तुमचाच आहे, आम्ही फक्त पाळतोय. आधी चिडले, मग त्यांना हसू आवरेना.

दुसऱ्याच दिवशी पाटी लागली. सकाळी आणि दुपारी सगळ्यांना सुट्टी, हातात काही असो वा नसो. दादा, आपण जिंकलो! म्हातारे मिस्त्री बाकावर पाय पसरून नुसते बसून राहिले, चेहरा कसा फुलला होता. सवय एका दिवसात जात नाही, काही जण अजून ओढतात. पण नव्याने कामाला लागलेली पोरं आता सुट्टीत पाणी पितात आणि एकमेकांची टिंगल करतात.

फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच ठेवून दिला असतास, म्हणून लिहितेय. तुझ्या भावासारखी भट्टी कोणाला सांभाळता येत नाही, तो परत येतोय का, असं मालकांनी काल मला विचारलं. सोमवारपासून येतोय, असं मी तुला न विचारता सांगून टाकलंय. रागवायचं असेल तर खुशाल रागव, पण इथे येऊन रागव.

तुझीच,
भांडकुदळ