आवाज डॉट बॅट

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

“दो मिनट का काम है जी,” असं मी आज गुरनामसिंगांना सांगून बसले. मी! जिला घरचा टीव्ही लावायला अजून नवरा लागतो.

झालं असं. गुरनामसिंग बझरची बॅटरी बदलायला आले होते. कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढलं त्याला बरीच वर्षं झाली — मी रुग्णालयाच्या या वाचा-उपचार खात्यात यायच्याही आधी. तेव्हापासून गळ्याला ते बझर नावाचं मुठीएवढं यंत्र टेकवून बोलतात. सगळी अक्षरं एकाच सुरात, डब्यात भुंगा कोंडल्यासारखी. त्याआधी सव्वीस सेक्टरच्या मंडीत भाजीचा लिलाव पुकारायचे. त्यांनी हाक घातली की फाटकापलीकडचे रिक्षावाले वळून बघायचे म्हणे. हे ते बझरवर सांगतात, त्यामुळे खरं मानायला जरा वेळ लागतो.

बॅटरी बदलून झाली तरी उठेनात. मग म्हणाले, “मैडम जी, घरवाली मुझसे डरती है.”

त्यांच्या पत्नीला, बलबीर कौरना, विसरण्याचा आजार झालाय. अलीकडची वर्षं पुसली गेली, त्यात नवऱ्याचं ऑपरेशनही पुसलं गेलं. आता घरात कुणी अनोळखी म्हातारा शिरलाय आणि तो गळ्याला काहीतरी लावून गुणगुणतो, एवढंच त्यांना कळतं. ते बोलायला लागले की त्या आतून कडी लावतात. आणि कडीआडून त्यांनाच विचारतात, सरदारजी कधी येणार? म्हणून हल्ली ते घरात बोलतच नाहीत.

ऑपरेशनच्या आधी आमच्या खात्यात त्यांचा आवाज रेकॉर्ड केला होता, हे त्यांच्या लक्षात होतं. “वो मिल जाए तो उसे सुना दूँ. पहचान लेगी.”

मी कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरकडे बघितलं. विंडोज एक्सपी. वर टेबलक्लॉथ, टेबलक्लॉथवर कुंडी. आणि ते दोन मिनिटांचं वाक्य मी बोलून गेले.

५ नोव्हेंबर

गुरपुरब, शिखांचा सण. सुट्टी. मला अजूनही ते दोन मिनिटांचंच काम वाटतंय. लिहून ठेवते, पुढे हसायला बरं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

कुंडी उतरवली. चालू झाला! इथपर्यंत माझी कर्तबगारी.

रेकॉर्डिंग आहेत, नंबरवार आहेत, गुरनामसिंगांचंही आहे. पण नुसतं क्लिक करून वाजत नाही. ते आमच्या जुन्या प्रयोगशाळेच्या प्रोग्रॅममधूनच उघडतं, आणि तो प्रोग्रॅम चालवायला ‘आवाज डॉट बॅट’ नावाची फाइल आहे. नवऱ्याला, शंतनूला फोन केला. एअर फोर्समधे आहे, बोलतोही तसाच. “बॅच फाइल म्हणजे लेखी हुकूम. एकाखाली एक. कॉम्प्युटर वरून खाली पाळत जातो. डबल क्लिक कर.”

केलं. एक काळी खिडकी उघडली आणि मिटली. आत काहीतरी लिहिलेलं होतं. पुन्हा केलं. पुन्हा मिटली. मग पापणी न लववता केलं. मग चष्मा काढून, मग नाक स्क्रीनला लावून. शेवटी फोनवर त्याचा व्हिडिओ घेतला, म्हणजे सावकाश लावून वाचता येईल. तेवढ्यात आमचा अटेंडंट आत आला. बघत राहिला. “मैडम, रील बना रहे हो?”

व्हिडिओत मला माझंच प्रतिबिंब दिसलं, तोंड उघडं असलेलं.

रोज दहा पेशंटना सांगते — घाई नको, सावकाश बोला, समोरच्याला कळू द्या. या यंत्राला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

भांडार विभागाचा माणूस येऊन गेला. पुढच्या शुक्रवारी जुनी यंत्रं भंगारात नेणार. हाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

शंतनूचा हुकूम : फाइलच्या शेवटी ‘पॉज’ असा एक शब्द घाल, खिडकी मिटणार नाही.

नोटपॅडमधे उघडली, शब्द घातला, नव्या नावाने जपून ठेवली. डबल क्लिक. काळी खिडकी नाहीच! पांढरं नोटपॅड उघडलं, आत माझा ‘पॉज’. बंद केलं, पुन्हा क्लिक — पुन्हा नोटपॅड. सकाळची सगळी ओपीडी संपवून आले आणि पुन्हा तेच. मग कळलं, नोटपॅडने नावाच्या शेवटी गुपचूप ‘टीएक्सटी’ चिकटवलं होतं आणि विंडोजने ते शेपूट लपवलं होतं. म्हणजे मी हुकूम लिहिला नव्हता, निबंध लिहिला होता. निबंध कोण पाळतं?

शेपूट कापलं. खिडकी थांबली. आत लिहिलंय : सांगितलेली वाट सापडत नाही.

मलाही नाही.

कॉम्प्युटर विभागाला फोन केला. “एक्सपी? मैडम, उसका सपोर्ट तो कब का बंद है.” फोन ठेवलाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

श्रीनिवास सरांना नाशिकला फोन लावला. ती फाइल त्यांनीच लिहिली होती, निवृत्त होण्याआधी. मी त्यांच्या खुर्चीवर बसते. त्यांचं डोकं मात्र मिळालं नाही, हे आता सिद्ध झालंय.

“मधुरिमा? अगं, ते अजून चालतं?”

“चालत नाही म्हणूनच फोन केला, सर.”

फाइलमधलं त्यांना काही म्हणजे काही आठवेना. पण गुरनामसिंग म्हटल्यावर लगेच म्हणाले, “तो लिलाववाला! त्याला म्हटलं, बाबा हळू बोल, मीटरचा काटा शेवटाला आपटतोय. तर म्हणे, डॉक्टर साब, हे हळूच आहे.” मग विचारलं, “आहे का गं तो? बरं झालं. बरेच जण गेले असतील त्यातले.”

फोन ठेवता ठेवता एक गोष्ट सांगितली. काळी खिडकी आधी उघडायची आणि फाइलचं नाव तिच्या आत टाइप करायचं. दुरून टिचक्या मारायच्या नाहीत.

१० नोव्हेंबर, सोमवार

सर म्हणाले तसं केलं. उत्तरं वाचता येतात आता. सगळी नकारार्थी.

मग सरांची फाइल नीट वाचायला घेतली. मधेमधे सरांनी इंग्रजी अक्षरांत मराठी टिपणं लिहिलीत. ओळीच्या आधी ‘रेम’ असलं की कॉम्प्युटर ती ओळ सोडून देतो, ती माणसांसाठी असते. एक टिपण असं : ‘खालची ओळ का घातली आठवत नाही. काढली की बंद पडतं. काढू नये.’ आमचं अर्धं खातं याच तत्त्वावर चालतं.

सरांची लांबलचक फाइल नको, आपली एक ओळीची लिहू, असं डोक्यात आलं. प्रोग्रॅमचं नाव ‘प्ले’. माझ्या फाइलमधे एकच ओळ लिहिली — प्ले चालव. आणि फाइलचं नाव काय ठेवलं? प्ले.

ती चालू झाली आणि तिने प्लेला हाक मारली. म्हणजे स्वतःलाच. ती आली, तिनेही स्वतःलाच हाक मारली. स्क्रीनभर त्याच ओळीचा धबधबा. मिरजेची माझी मावशी लग्नात भेटली की अशीच — मी म्हटलं, मग मी म्हटलं, तर मी म्हटलं. मावशीला थांबवायला जेवणाचं पान वाढावं लागतं. इथे कंट्रोल आणि सी. तरी खिडकीने विचारलंच, खरंच थांबवायचं? हो की नाही? वाय की एन? वाय, वाय, बाई, वाय.

मुल्लानपूरच्या घरून गुरनामसिंगांचा मेसेज : ‘जल्दी नहीं है मैडम जी.’ त्यावरून कळलं की आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सापडलं! एक अक्षर.

सरांच्या काळी रेकॉर्डिंग ‘डी’ ड्राइव्हवर होती. मधे कधीतरी कुणीतरी डिस्क बदलली आणि तिचं नाव ‘ई’ झालं. फाइल बिचारी इतकी वर्षं डीच्या दारात उभी होती. वरच्या ओळीतलं डी काढून ई केलं, गुरनामसिंगांचा नंबर दिला, आणि खिडकी धावायला लागली. मी खुर्चीत उडी मारली. हसू नये, पण मारली.

पुढचं लिहायला हात नको म्हणतोय.

शेवटी खिडकीने काहीतरी विचारलं. वाय की एन? काल दिवसभर वाय म्हणत होते. वाय दाबला. एंटर दाबायचा राहिला होता, तेवढ्यात अटेंडंट दारातून म्हणाला, “मैडम, बड़े सर याद कर रहे हैं.” मी मान वर केली. पुन्हा खाली बघितलं तेव्हा प्रश्न वाचला.

ई ड्राइव्ह, आवाजचा फोल्डर, त्यातलं सगळं. पुसू का?

सरांनी शेवटी सफाईची ओळ घातली होती. आधी डीवरच्या कचऱ्याच्या फोल्डरमधे जा, मग तिथलं सगळं पूस. मी वरचं डी बदललं, हे खालचं बघितलंच नाही; कालपर्यंत फाइल वरच अडकायची, इथवर पोचायचीच नाही. डी नाहीच म्हटल्यावर कॉम्प्युटर कुठे जाणार? जिथे होता तिथेच राहिला, रेकॉर्डिंगच्या फोल्डरमधे, आणि पुढचा हुकूम पाळायला तयार झाला.

वाय खोडला. एन टाइप केला. एंटर.

बड्या सरांकडे, म्हणजे खातेप्रमुखांकडे, लगेच गेले नाही. गुरनामसिंगांचा एकट्याचा नव्हे, त्या फोल्डरमधे आमच्याकडे गळ्याचं ऑपरेशन झालेल्या सगळ्यांचा आवाज आहे. सर म्हणाले ना, बरेच जण गेले असतील. त्या सगळ्यांना मी एका बोटाने गप्प करणार होते, तेही खुर्चीत मारलेल्या एका उडीच्या आनंदात.

१२ नोव्हेंबर

आज कॉम्प्युटरला हात लावला नाही. फाइल फक्त वाचली, वरून खाली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आधी सगळा फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतला. मग आणखी एका पेन ड्राइव्हवर. मग सफाईच्या ओळीआधी ‘रेम’ लिहिलं, म्हणजे कॉम्प्युटरने ती सोडून द्यावी. खाली मीही टिपण घातलं : ‘ही ओळ का आहे ते मला चांगलं माहीत आहे. काढू नये म्हणणाऱ्याने मला भेटावं.’ उद्या भंगारात जाणाऱ्या यंत्रात कोण वाचणार? पण लिहिलं.

चालवलं. थांबलं. काही विचारलं नाही.

दार लावून ऐकलं. आधी लांब ‘आ’, ठरलेल्या पद्धतीने. मग एक ते बीस. मग सरांचा आवाज, अपने बारे में कुछ बोलिए. गुरनामसिंग स्वतःबद्दल बोललेच नाहीत, त्यांनी फ्लॉवरचा लिलाव पुकारला. जुने स्पीकर थरथरले. असा आवाज! भरलेला, रुंद, शेवटाला जरा खरखरीत — ती खरखर कशाची होती ते आता ठाऊक आहे. भाव चढत चढत गेला, सर हसले, हो गया जी म्हणाले. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि दार उघडून बाहेर दिलेली हाक : “बलबीरे! आ जा, चलिए!”

तिथे संपलं.

मी त्यांच्याशी किती वर्षं बोलतेय. आज ते पहिल्यांदा भेटले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

गुरनामसिंग आले, कडक इस्त्रीची पगडी बांधून. त्यांच्याच फोनवर घालून दिलं. हेडफोन नको म्हणाले. ऐकताना एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. संपल्यावर बझर गळ्याला लावला, काढला, पुन्हा लावला.

“बहुत शोर करता था मैं.”

मी जे सांगायला हवं ते सांगितलं. कदाचित ओळखणार नाहीत, कदाचित त्रास होईल, मनाची तयारी ठेवा. ते मान हलवत राहिले. “पहचान लेगी.”

दुपारी भांडारवाले कॉम्प्युटर घेऊन गेले. कुंडी खिडकीत ठेवली. शंतनूला सांगितलं, मोहीम फत्ते. तो म्हणाला, “एक्सपी चालवायला दीड आठवडा? तेवढ्यात आमचे लोक धावपट्टी बांधतात.” आज त्याला बोलायची मुभा होती. आज मी फारच खुशीत होते.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी गुरनामसिंगांचा फोन. बझर फोनवरून नीट कळत नाही, एकेक वाक्य दोनदा विचारावं लागलं.

काल बंद दाराबाहेर बसून त्यांनी रेकॉर्डिंग लावलं. आतून काही नाही. लिलाव झाला, काही नाही. मग ती शेवटची हाक आली तसं दार उघडलं. बलबीर कौर शाल घेऊन, चप्पल घालून बाहेर आल्या. सरळ यांच्याजवळ येऊन म्हणाल्या, “वीरजी, वो बुला रहे हैं. मुझे उनके पास छोड़ आओगे?” वीरजी म्हणजे भाऊ. आणि हात पुढे केला.

दोघं हात धरून गावाबाहेर झालेल्या नव्या इमारतींपर्यंत चालत जाऊन आले. त्या अजिबात घाबरल्या नाहीत. वाटभर त्यांना नवऱ्याबद्दल सांगत होत्या.

“आपने बताया नहीं?” मी विचारलं.

मग बझर : “नहीं जी. आज फिर ले जाऊँगा.”